वर्कहाउसमधल्या म्हाताऱ्या परिचारिका : एका ‘तुटवड्या’चा इतिहास

१/
१८५६ च्या सुमारास लंडनच्या वर्कहाउसांमध्ये रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या पगारी परिचारिका होत्या जेमतेम ७०. उरलेले काम ज्या स्त्रिया करीत, त्यांची संख्या होती सुमारे ५००. त्यांतल्या निम्म्या पन्नाशीच्या पुढच्या, पाव हिस्सा साठीच्या पुढच्या, अनेक सत्तरीच्या आणि काही तर ऐंशी ओलांडलेल्या होत्या. त्यांना पगार नव्हता, कारण त्या नोकर नव्हत्याच. त्या स्वतःच वर्कहाउसच्या आश्रित होत्या.

२/
वृद्धांच्या देखभालीसाठी माणसे मिळत नाहीत, ही तक्रार आज ब्रिटनपासून जपानपर्यंत ऐकू येते. तिच्या पाठोपाठ एक सोपा वाटणारा उपायही सुचवला जातो : ज्यांचे वय उतरले आहे आणि ज्यांच्या हाताला काम नाही, त्यांनाच या कामावर का लावू नये? हा विचार नवा नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडने तो साठ वर्षांहून अधिक काळ प्रत्यक्ष राबवला. त्या व्यवस्थेचा हा इतिहास. 🧵

३/
आरंभ १८३४ च्या सुधारित ‘पुअर लॉ’पासून, म्हणजे गरिबांच्या मदतीविषयीच्या कायद्यापासून, करावा लागतो. त्यापूर्वी प्रत्येक पॅरिश आपापल्या गरिबांना घरबसल्या काही मदत देत असे. नव्या कायद्याने अनेक पॅरिश एकत्र करून ‘युनियन’ बनवल्या आणि प्रत्येक युनियनने वर्कहाउस चालवावे असे ठरले. मदत हवी असेल तर घर सोडून तेथे राहायला यायचे. आतले जीवन बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जीवनाहून अधिक सुखाचे असता कामा नये, हे या कायद्याचे मूलतत्त्व होते.

४/
ही सारी रचना धडधाकट पण बेकार पुरुष डोळ्यांसमोर ठेवून झाली होती. त्याला आळसाची सवय लागू नये, म्हणून वर्कहाउस कठोर हवे, असा तर्क होता. प्रत्यक्षात दारात उभे राहिले ते निराळेच लोक : आजारी, अपंग, अनाथ मुले, परित्यक्ता आणि म्हातारी माणसे. १८६० च्या दशकापर्यंत लंडनची वर्कहाउसे व्यवहारात रुग्णालये आणि वृद्धाश्रम बनली होती. मात्र त्यांचे नियम, इमारती आणि हिशेबाच्या वह्या आळशी मजुरासाठी आखलेल्याच राहिल्या.

५/
म्हाताऱ्या स्त्रिया तेथे का येत? त्या काळी निवृत्तिवेतन नव्हते. कष्टकरी स्त्रीला कामाच्या वाटा मोजक्याच होत्या : घरकाम, धुणे, शिवण. धुण्याच्या कामाला ताकद लागते, शिवणाला डोळे लागतात आणि घरकामाला मालकिणी तरुण मुलगी शोधतात. पन्नाशीनंतर ही तिन्ही दारे एकेक करून बंद होत. नवरा गेलेला आणि मुले स्वतःच अर्धपोटी असली, की उरे ते वर्कहाउस. आजच्या भाषेत या स्त्रिया ‘वयस्कर बेरोजगार’ होत्या. त्या काळच्या नोंदवहीत त्यांच्यासाठी एकच शब्द होता : ‘पॉपर’, म्हणजे सरकारी मदतीवर जगणारी निराधार व्यक्ती.

६/
वर्कहाउसमध्ये आलेल्या प्रत्येकाला झेपेल ते काम करावेच लागे. फरशा घासणे, कपडे धुणे, जुन्या दोरखंडांचे पीळ उलगडून त्यांचे तंतू सुटे करणे, ही नेहमीची कामे. त्या मानाने रुग्णविभागातील काम बरे समजले जाई. तेथे ऊब असे. मोबदल्यात थोडा जादा चहा, साखर, मांसाचा तुकडा मिळे आणि बहुतेक ठिकाणी बिअर किंवा जिनही मिळे. पैशांऐवजी मद्य ही सुधारकांनी पुढे चव्हाट्यावर आणलेली गोष्ट मुळात व्यवस्थापनानेच ठरवलेली मजुरी होती.

७/
हे ठरवणारे व्यवस्थापन म्हणजे ‘बोर्ड ऑफ गार्डियन्स’, अर्थात पालक मंडळ. त्याचे सदस्य स्थानिक करदाते निवडून देत आणि वर्कहाउसचा खर्च याच करदात्यांच्या खिशातून जाई. छोटे दुकानदार, घरमालक, ठेकेदार अशी ही मंडळी. पगारी परिचारिका नेमली की कर वाढणार, आणि कर वाढला की पुढची निवडणूक अवघड होणार. शिवाय आधीच पोसावी लागणारी म्हातारी त्याच छपराखाली असताना बाहेरून माणूस कशासाठी आणायचा? वहीत तिच्या श्रमाची किंमत शून्य होती.

८/
या शून्याचा अर्थ काय होता, हे जोसेफ रॉजर्स या डॉक्टरांनी जवळून पाहिले. १८५६ मध्ये ते लंडनच्या क्लीव्हलंड स्ट्रीटवरील स्ट्रँड युनियनच्या वर्कहाउसमध्ये वैद्यकीय अधिकारी झाले. पगार वर्षाला ५० पौंड, आणि रुग्णांच्या औषधांचा खर्च त्यातूनच भागवायचा. म्हणजे डॉक्टर जितकी अधिक औषधे देणार, तितका तो स्वतः गरीब होणार. शुश्रूषेसाठी त्यांच्या हाताशी होत्या त्या आश्रित म्हाताऱ्याच. वॉर्डांच्या खिडक्यांखालच्या अंगणात मंडळाने सतरंज्या व गालिचे झोडपून देण्याचा धंदा चालवला होता. धूळ आणि आवाज थेट रुग्णांच्या खाटांपर्यंत येई.

९/
अशा वॉर्डातील रात्र कशी असेल, याची कल्पना करता येते. साठी-सत्तरीची स्त्री, दृष्टी अधू, ऐकू कमी येणारे, बहुधा निरक्षर. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी तिला वाचता येत नाही. जड शरीराच्या रुग्णाला कुशीवर वळवण्याइतके बळ तिच्या हातांत नाही. वळवले नाही की अंथरुणाला टेकलेली कातडी सडू लागते. जखम साफ कशी करायची, हे तिला कोणी शिकवलेले नाही. आणि ज्या खाटेजवळ ती बसली आहे, त्या खाटेवर वर्ष-दोन वर्षांत तीच असणार, हे तिला पक्के ठाऊक आहे.

१०/
या स्त्रियांचे जे चित्र आज शिल्लक आहे, ते जपून वाचावे लागते. चार्ल्स डिकन्सच्या ‘मार्टिन चझलविट’ (१८४३-४४) मधील सेअरी गँप ही दारूबाज, बेफिकीर परिचारिका इतकी गाजली की पुढे प्रत्येक अप्रशिक्षित परिचारिकेकडे लोक त्याच नजरेने पाहू लागले. सुधारकांनी लिहिलेल्या अहवालांत म्हाताऱ्यांचे दारूपण, चोऱ्या, रुग्णांचे अन्न खाणे यांची वर्णने भरपूर आहेत आणि ती निराधार म्हणता येत नाहीत. पण स्वतः त्या स्त्रियांनी लिहिलेले काहीच हाती नाही. ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांच्याविषयीचे सर्व पुरावे इतरांच्या हातचे आहेत.

११/
या भिंतींच्या आत बाहेरच्या समाजाची नजर पोहोचवली ती लुइसा ट्वायनिंग (१८२०-१९१२) यांनी. चहाच्या व्यापारातील प्रसिद्ध ट्वायनिंग घराण्यातील ही स्त्री १८५३ मध्ये घरच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या दाईला भेटायला स्ट्रँड वर्कहाउसमध्ये गेली. आयुष्यभर दुसऱ्यांची सेवा केलेली ती दाई अखेरीस तेथे येऊन पडली होती. या भेटीने ट्वायनिंग यांच्या कार्याची दिशा ठरली. १८५८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ‘वर्कहाउस व्हिजिटिंग सोसायटी’ स्थापन झाली. बाहेरच्या स्त्रियांनी आत जाऊन पाहावे, बोलावे आणि पाहिलेले सांगावे, इतकाच तिचा साधा उद्देश होता.

१२/
पालक मंडळांना अशा भेटी फारशा रुचत नसत. परंतु डिसेंबर १८६४ मध्ये एक मृत्यू असा झाला की तो झाकता आला नाही. टिमथी डेली हा आयरिश मजूर होबर्न वर्कहाउसच्या रुग्णविभागात संधिवाताने पडून होता. तेथे त्याच्या अंगाला भयंकर जखमा झाल्या. त्याला सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात हलवण्यात आले, पण तो वाचला नाही. वृत्तपत्रांनी प्रकरण लावून धरले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी पुअर लॉ बोर्डाचे अध्यक्ष चार्ल्स व्हिलियर्स यांना पत्र लिहून शुश्रूषेच्या प्रश्नाला थेट हात घातला.

१३/
१८६५ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने स्वतःच चौकशी सुरू केली. अर्नेस्ट हार्ट, फ्रान्सिस अँस्टी आणि विल्यम कार या तीन डॉक्टरांनी लंडनची वर्कहाउसे पाहून अहवाल छापले. कोंदट वॉर्ड, अपुरे पाणी आणि खाटांची दाटी यांच्याबरोबरच आश्रित परिचारिकांवर त्यांनी ठपका ठेवला. त्याच वर्षी पुअर लॉ बोर्डाने परिपत्रक काढून पगारी परिचारिका नेमण्याची शिफारस केली. ती शिफारसच होती, सक्ती नव्हे. पैसे मंडळांनीच द्यायचे होते, त्यामुळे पुष्कळांनी परिपत्रक फायलीत लावून ठेवले.

१४/
दरम्यान लिव्हरपूलमध्ये एक धाडसी प्रयोग सुरू झाला. व्यापारी व समाजसेवक विल्यम रॅथबोन यांनी ब्राउनलो हिलच्या प्रचंड वर्कहाउसमध्ये प्रशिक्षित परिचारिका नेमण्याचा तीन वर्षांचा खर्च स्वतः उचलला. नाइटिंगेल यांच्या संस्थेत शिकलेल्या ॲग्नेस जोन्स १८६५ मध्ये तेथे प्रमुख म्हणून आल्या. त्यांच्याबरोबर १२ प्रशिक्षित परिचारिका आणि १८ उमेदवार होत्या. हाताखाली मदतीला वर्कहाउसमधीलच ५४ सुदृढ आश्रित स्त्रिया अल्प वेतनावर घेण्यात आल्या. रुग्ण होते बाराशेहून अधिक.

१५/
या ५४ जणींकडे नीट पाहायला हवे, कारण ‘बेकारांना शुश्रूषा शिकवा’ हा विचार येथे प्रथमच जाणीवपूर्वक तपासला गेला. त्या म्हाताऱ्या नव्हत्या. त्यांना थोडे का होईना, पैसे मिळत होते. तरीही प्रयोगाचा हा भाग फसला. अनेकजणी हाती पैसे येताच दारू पिऊन परतल्या आणि त्यांना काढून टाकावे लागले. आश्रित स्त्रियांकडून परिचारिका घडत नाहीत, असा निष्कर्ष त्या काळी निघाला आणि तो दीर्घकाळ टिकला.

१६/
पण या अपयशाचा दुसराही अर्थ लावता येतो. या स्त्रियांनी ते काम निवडले नव्हते, ते त्यांना नेमून दिले गेले होते. राहायचे वर्कहाउसमध्येच, ओळख ‘पॉपर’ हीच. काम उत्तम केले तर पुढे काय, याला उत्तर नव्हते. उमेदवार म्हणून आलेल्या अठराजणींपुढे परिचारिका होण्याची वाट होती. चोपन्नजणींपुढे तशी वाट कोणी आखलेली नव्हती. दोन्ही गट एकाच वॉर्डात वावरत, पण एकीसाठी ते शिक्षण होते आणि दुसरीसाठी मदतीची परतफेड.

१७/
१९ फेब्रुवारी १८६८ रोजी ॲग्नेस जोन्स टायफसच्या तापाने मरण पावल्या. वय अवघे पस्तीस. परंतु तोवर वॉर्डांतील फरक इतका स्पष्ट दिसू लागला होता की लिव्हरपूलमध्ये प्रशिक्षित परिचारिकांची व्यवस्था कायम झाली. वर्कहाउसमधील रुग्णालाही साध्या रुग्णालयातील रुग्णासारखी शुश्रूषा मिळू शकते, हे सिद्ध झाले होते. प्रश्न उरला तो खर्च कोणी उचलायचा याचा.

१८/
या प्रश्नावर नाइटिंगेल यांची मांडणी नेमकी होती. आजारी, मनोरुग्ण, दुर्बळ आणि मुले यांना ‘बेकार’ या सदरातून बाहेर काढा, त्यांच्यासाठी वेगळ्या संस्था उभारा, कारभार एका मध्यवर्ती यंत्रणेकडे द्या आणि पैसा साऱ्या लंडनवरील समान करातून उभा करा. आजारपण ही आळसाची शिक्षा नव्हे, असे एकदा मान्य केले की ‘आतले जीवन बाहेरच्याहून वाईट हवे’ हे तत्त्व रुग्णाला लावता येत नाही, हा त्यामागचा विचार होता.

१९/
१८६७ चा ‘मेट्रोपॉलिटन पुअर ॲक्ट’ ही मागणी पूर्णपणे मान्य करणारा नव्हता. तरी त्याने एक निर्णायक गोष्ट केली. लंडनच्या सर्व युनियनांचा एक सामायिक निधी उभारला गेला आणि औषधे व कर्मचाऱ्यांचे पगार असे काही खर्च त्यातून होऊ लागले. वर्कहाउसपासून वेगळी रुग्णालये बांधली गेली आणि तेथे पगारी परिचारिका येऊ लागल्या. काल ज्या शहरात परिचारिका ‘मिळत नव्हत्या’, त्याच शहरात बिलाचा धनी बदलताच त्या मिळू लागल्या.

२०/
लंडनबाहेर मात्र असा निधी नव्हता. ग्रामीण भागातील लहान वर्कहाउसांत जुनी पद्धत चालूच राहिली. १८७९ मध्ये लुइसा ट्वायनिंग यांच्या पुढाकाराने ‘वर्कहाउस इन्फर्मरी नर्सिंग असोसिएशन’ स्थापन झाली. वर्कहाउसांसाठी परिचारिका तयार करून पाठवणे हे तिचे काम. आणि या सर्व काळात आतली वस्ती अधिकाधिक वृद्ध होत होती. १८९० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंड-वेल्समधील पासष्टी ओलांडलेल्या लोकांपैकी जवळजवळ तीस टक्क्यांना वर्षभरात केव्हा ना केव्हा पुअर लॉची मदत घ्यावी लागत होती.

२१/
अखेर १८९७ मध्ये ‘लोकल गव्हर्नमेंट बोर्ड’ने आदेश काढला : यापुढे वर्कहाउसमधील आश्रितांनी परिचारिकेचे काम करायचे नाही. डॉक्टरांची संमती आणि पगारी परिचारिकेची देखरेख असेल, तरच त्या मदतनीस म्हणून काम करू शकतील. परिपत्रकातील विनंतीपासून या मनाईपर्यंत यायला बत्तीस वर्षे लागली.

२२/
आणि मग देशभर ओरड सुरू झाली की परिचारिकांचा तुटवडा आहे. १९०२ मध्ये या प्रश्नावर सरकारी समितीच नेमावी लागली. कारणे गूढ नव्हती. वर्कहाउस गावाबाहेर, पगार कमी. प्रशिक्षित परिचारिकेवर अप्रशिक्षित मेट्रनचा हुकूम. रुग्ण बहुतेक जुनाट दुखण्यांचे व अंथरुणाला खिळलेले वृद्ध, त्यामुळे शिकायला आणि नाव मिळवायला वाव थोडा. मोठ्या रुग्णालयात जागा मिळत असता तरुण मुलगी येथे का येईल?

२३/
येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून विचारावे, असा एक प्रश्न आहे : हा तुटवडा १८९७ मध्ये निर्माण झाला का? नाही. १८५६ मध्ये पाचशे म्हाताऱ्या जेव्हा रात्रभर जागत होत्या, तेव्हाही तो होताच. फरक इतकाच की तेव्हा वॉर्डातील जागा कागदोपत्री भरलेली दिसे. बिनपगारी हात बाजूला केले आणि रिकामी जागा प्रथमच मोजता आली. तुटवडा म्हणजे माणसांची कमतरता नव्हती. ज्या अटींवर काम देऊ केले जात होते, त्या अटींवर कोणी स्वेच्छेने येत नव्हते, इतकेच त्यातून सिद्ध होत होते.

२४/
दुसऱ्या टोकाला त्या म्हाताऱ्यांचे काय झाले? १९०८ च्या कायद्याने सत्तरीपुढील गरीब वृद्धांना आठवड्याला कमाल पाच शिलिंग निवृत्तिवेतन मंजूर झाले आणि १ जानेवारी १९०९ पासून ते मिळू लागले. पुअर लॉची मदत घेणाऱ्यांना आरंभी त्यातून वगळले होते. ही अट १९११ च्या आरंभी गेली. रक्कम तुटपुंजी होती. तरी तिच्यामुळे एखादी म्हातारी मुलीच्या घरी ‘खाणारे तोंड’ न राहता थोडा हातभार लावणारी ठरली. वर्कहाउसचे दार हा तिच्यापुढचा एकमेव मार्ग राहिला नाही.

२५/
वृद्धांच्या शुश्रूषेला मात्र प्रतिष्ठा मिळायला आणखी पाव शतक जावे लागले. १९३५ मध्ये वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारचे जुने वर्कहाउस-रुग्णालय ताब्यात घेतले आणि तेथील ७१४ रुग्णांची जबाबदारी डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे आली. बरेचसे वृद्ध वर्षानुवर्षे खाटेवर पडून होते. वॉरन यांनी एकेकाला नीट तपासले, वर्गवारी केली, उठवले, चालवले. अनेकजण घरी परत जाऊ शकले. वार्धक्यवैद्यकाच्या आधुनिक शाखेचा पाया ब्रिटनमध्ये असा रचला गेला. ज्या कामाला वर्कहाउसची वही ‘कोणीही करू शकेल’ असे समजत होती, त्याला किती ज्ञान लागते हे तेव्हा उघड झाले.

२६/
या इतिहासातून ‘वयस्कर माणसांनी शुश्रूषेचे काम करू नये’ असा बोध काढणे चुकीचे ठरेल. त्या पाचशेजणींचे वय हा त्यांचा दोष नव्हता. आयुष्यभर मुले, नवरे, सासू-सासरे आणि मालकिणी यांची सेवा करून त्यांच्यापाशी काही ना काही अनुभव जमा झालेलाच होता. त्यांना शिकवले नाही, पगार दिला नाही, नकार देण्याची मुभा दिली नाही, आणि मग काम बिघडले म्हणून त्यांच्यावर बोट ठेवले. असा हा क्रम होता.

२७/
क्लीव्हलंड स्ट्रीटवरील ते वर्कहाउस पाडले जाण्याच्या बेतात होते. २०११ मध्ये त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. त्याच रस्त्यावर लहानपणी राहिलेल्या डिकन्सचे नाव त्या वास्तूशी जोडले जाते. रॉजर्स यांच्या आठवणींचे पुस्तक उपलब्ध आहे, ट्वायनिंग आणि जोन्स यांची चरित्रे आहेत. तेथे रात्री जागलेल्या म्हाताऱ्यांची मात्र संख्या तेवढी उरली आहे, आणि तीही वयानुसार वर्गवारी केलेली. वृद्धांच्या देखभालीसाठी ‘रिकामे हात’ शोधण्याची भाषा पुन्हा कानी आली, की ती संख्या आठवावी.

#इतिहास #थ्रेड